वासाला काम नेमून द्या: मनासाठी नाकाची मदत घेण्याची रीत

मला बामचा वास आला की झोप येते. हसू नका. लहानपणी मे महिन्यात आम्ही चिपळूणला जायचो. दुपारची जेवणं झाली की नाना माजघरात चटई टाकायचे, दोन्ही गुडघ्यांना बाम चोळायचे आणि आम्हा नातवंडांना शेजारी दामटून झोपवायचे. बाहेर ऊन रटरटत असायचं, आत थंडगार जमीन आणि तो झणझणीत वास. आज चाळिशी उलटल्यावरही लोकलमध्ये शेजारच्या बाईने कपाळाला बाम लावला तर माझे खांदे आपोआप सैल पडतात.

आता गंमत पाहा. बामातला तो वास मुख्यतः मिथाइल सॅलिसिलेट या द्रव्याचा. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये लोकांच्या आवडीनिवडीची पाहणी झाली, तेव्हा हा वास नावडत्या वासांमध्ये गेला. १९७८ मध्ये अमेरिकेत असाच अभ्यास झाला, तिथे तोच वास अगदी वरच्या पसंतीत आला. द्रव्य एकच. पण ब्रिटनच्या त्या पिढीला तो दुखणाऱ्या अंगाला चोळायच्या मलमातून माहीत होता, आणि अमेरिकेत तो गोळ्या-चॉकलेटांत असायचा. मला विचारलं असतं तर मी ‘दुपारची झोप’ असं लिहून दिलं असतं.

हा लेख या एका गोष्टीवर उभा आहे. अमुक तेल हुंगलं की चिंता जाते, तमुक उदबत्ती लावली की उत्साह येतो, अशा याद्या तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. त्यातलं बरंचसं अर्धवट आहे. वास मनावर परिणाम करतो तो प्रामुख्याने तुम्ही त्याला काय जोडून ठेवलं आहे त्यातून. आणि जोडणी आपोआप होते तशी ठरवून, थोड्या चिकाटीने, मोठ्या वयातही करता येते. ती कशी करायची ते पुढे सांगते.

आधी थोडं नाकाविषयी

नाकपुडीच्या अगदी वरच्या टोकाला, डोळ्यांच्या पातळीच्या आसपास, टपालाच्या तिकिटाएवढा एक पट्टा असतो. त्यातल्या पेशींवर वास पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल या दोघांनी १९९१ मध्ये या ग्राहकांची जनुकं शोधली आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. इथून निघालेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात जातो आणि तिथून जवळजवळ थेट भावना हाताळणाऱ्या भागाच्या दारात. आठवणींचा भागही त्याच आळीत. डोळ्यांचा आणि कानांचा संदेश आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर थांबतो, मग पुढे जातो. वासाच्या गाडीला तो थांबा नाही.

म्हणूनच वासाच्या बाबतीत आधी काहीतरी ‘वाटतं’, आणि तो कशाचा वास ते मागाहून सुचतं. कधी सुचतच नाही, नुसतं पोटात कालवतं. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेकदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, असं संशोधकांना दिसलं आहे. आजोळ, शाळा, दिवाळीची पहाट. तुमची यादीही साधारण अशीच निघेल.

अपेक्षेचा भागही मोठा आहे. २००१ मधल्या एका प्रयोगात ब्युटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक आम्लांचं एकच मिश्रण लोकांना हुंगायला दिलं. एकदा सांगितलं की हे चीज आहे, एकदा सांगितलं की ही ओकारी आहे. त्याच माणसांनी त्याच वासाला एकदा ‘छान’ म्हटलं आणि एकदा तोंड फिरवलं. त्यामुळे लव्हेंडरच्या बाटलीवर ‘शांतता’ असं छापलेलं असतं तेव्हा तुम्हाला शांत करणाऱ्यात त्या छापील शब्दाचाही हात असतो. याची लाज वाटून घेऊ नका, उपयोग करून घ्या. लव्हेंडरवर काही अभ्यास आशादायक आहेत, पण बरेचसे लहान आहेत, आणि त्यांत एक मूळची अडचण आहे: कोणाला खरं तेल दिलं आणि कोणाला खोटं, हे नाकापासून लपवायचं कसं? जर्मनीत चिंतेवर लव्हेंडर तेलाची पोटात घ्यायची कॅप्सूल वापरतात. ते औषध झालं, हुंगण्याशी त्याची गल्लत करू नये. आणि घरची बाटली तोंडाला लावू नये, हे तर नक्कीच.

पहिली पायरी: आठवडाभराची वासवही

काहीही विकत घेण्याआधी सात दिवस एक छोटी वही जवळ ठेवा. लक्षात राहिलेला प्रत्येक वास टिपा: कुठे आला, त्या क्षणी मनात काय झालं, आणि शरीरात काय झालं. तिसरं विसरू नका. मन खोटं बोलतं, खांदे आणि पोट सहसा बोलत नाहीत.

माझ्या वहीतल्या दोन-तीन नोंदी अशा: ‘मंगळवार, जिना, शेजारी फोडणीत हिंग. भूक नव्हती तरी बरं वाटलं, श्वास खोल.’ ‘बुधवार, ऑफिसची लिफ्ट, कुणाचं तरी उग्र गोड अत्तर. जबडा आवळला. दहावीच्या क्लासचे सर.’ ‘शुक्रवार, दवाखान्याचा जंतुनाशकाचा वास. हात गार.’ लिफ्टमधला तो वास मला वर्षभर दर सकाळी चिडचिडं करत होता आणि मी दोष ट्रॅफिकला देत होते.

लिहिताना ‘चांगला वास’, ‘घाण वास’ यावर थांबू नका. आपल्या भाषेत यासाठी चिक्कार शब्द आहेत: खमंग, कुबट, आंबूस, खवट, करपट, कोंदट, मातकट, कुजकट, उग्र, मंद, दर्प वेगळा, दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा. मलेशियातल्या जहाई लोकांकडे रंगांसारखी खास वासांची नावं आहेत, आणि वास ओळखून सांगण्यात ते इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी सरस ठरले. आपण त्यांच्याइतके श्रीमंत नसू, पण इंग्रजीपेक्षा नक्की सुस्थितीत आहोत. शब्द वापरले की नाक तल्लख होतं, हे तीन दिवसांत तुमच्याच लक्षात येईल.

आठवड्याच्या शेवटी वहीत तीन खुणा करा: खांदे सैल करणारे वास, तरतरी आणणारे वास, आणि बिनसवणारे वास. पुढचं सगळं या यादीवर चालतं, माझ्या यादीवर नाही.

दुसरी पायरी: आधी काढा, मग घाला

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. पावसाळ्यात घरात कुबट वास असेल तर त्यावर कितीही महागडं तेल दरवळवा, नाकाला दोन्ही वास येतात आणि डोकं जड होतं.

पण अडचण अशी की आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. एखादा वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून अर्धा तास बाहेर चालून या आणि दार उघडल्यावर पहिले दोन श्वास नीट घ्या. तोच तुमच्या घराचा खरा वास. किंवा तोंडावर बोलणारी एखादी मावशी, आत्या असेल तर तिला बोलवा.

मग शोध घ्या. मोरीची आणि बेसिनची जाळी: वापरात नसलेल्या बाथरूममध्ये जाळीखालच्या वळणातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो, आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतलं की मिटतं. भिंतीला चिकटवून ठेवलेलं लाकडी कपाट: चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या. उशा, गाद्या: ऊन. ओला टॉवेल, चपलांचा स्टँड, फ्रिजखालचा पाण्याचा ट्रे. यातलं काही तुम्हाला नवीन नाही, फक्त ‘मूड’शी त्याचा संबंध आहे हे लक्षात आलेलं नसतं. रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा-पंधरा मिनिटं उघड्या ठेवा. हवा निघून जाणं हा सगळ्यात स्वस्त सुगंध.

तिसरी पायरी: एक वास, एक काम

आता मुख्य भाग. समजा तुम्हाला रात्री डोकं शांत होण्यासाठी वास हवा आहे. मी वाळा घेतला होता, त्याचीच गोष्ट सांगते.

वास निवडताना दोन अटी. एक, तो तुम्हाला किमान बरा वाटला पाहिजे. दोन, त्याला आधीपासून दुसरं काम नसावं. कापूर म्हटलं की आरती आणि टाळ्या आठवत असतील तर झोपेसाठी कापूर नको. उन्हाळ्यातल्या माठाच्या पाण्यापलीकडे वाळ्याशी माझं काही नातं नव्हतं, आणि तेही गारव्याचंच, म्हणून तो चालला.

काष्ठौषधींच्या दुकानातून वाळ्याची जुडी आणली. मूठभर मुळ्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधल्या आणि पुरचुंडी झाकणाच्या डब्यात ठेवली. पहिले तीन आठवडे नियम कडक होता. रोज रात्री, दिवा मंद केल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत गेल्यावरच डबा उघडायचा. पुरचुंडीवर पाण्याचे दोन शिंतोडे, कारण वाळा ओलावला की बोलतो. ती उशीजवळ ठेवून दहा मिनिटं सावकाश श्वास: आत चार मोजून, बाहेर सहा मोजून. मग पुरचुंडी पुन्हा डब्यात.

पुन्हा डब्यात, हे अधोरेखित करा. रात्रभर उशीखाली ठेवली तर नाकाला सवय होते आणि सांधा सुटतो. दिवसा हिशेब करताना, भांडण झाल्यावर, पाहुण्यांना दाखवायला ती काढायची नाही. वासाला शांततेखेरीज दुसरं काही भेटूच द्यायचं नाही. आणि सुरुवातीच्या दिवसांत मन आधीच सैरभैर असेल तर त्या रात्री डबा उघडूच नका, नाहीतर तुम्ही वाळ्याला काळजीची जोड लावाल. शिकवताना शांत वेळ, वापरताना अशांत वेळ, क्रम हाच.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी परीक्षा घ्या. दिवसभराच्या धावपळीनंतर, श्वासाचा व्यायाम न करता, नुसती पुरचुंडी नाकाशी धरा. खांदे खाली आले तर जोडणी लागली. माझी लागायला चोवीस दिवस लागले. माझ्या बहिणीची दहा दिवसांत लागली, नवऱ्याची लागलीच नाही. त्याला सर्दीचा कायमचा त्रास आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता.

एकदा लागली की जपा. आठवड्यातून एक-दोनदा शांत वेळीही उघडत राहा, म्हणजे सगळं ओझं कठीण वेळांवर येत नाही. एका वेळी एकच जोडणी शिकवा. पहिली पक्की झाल्यावर दुसरी.

कोणत्या वेळेला काय

हे फक्त सुचवणं. तुमची वही वेगळं सांगत असेल तर वहीचं ऐका.

सकाळची तरतरी आणायला आंबट-तिखट वास सोपे पडतात: ताज्या लिंबाची साल नखाने खरवडून, गवती चहाचं पातं चुरगाळून, आल्याची चकती. पुदिना आणि निलगिरीची गोष्ट जरा निराळी. त्यांचा गारवा हा वास नव्हे, ती चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूची करामत आहे. मेंथॉलने नाक प्रत्यक्षात मोकळं होत नाही, मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण डोळे उघडायला तेवढं पुरतं, आणि त्याला शिकवणीही लागत नाही.

परीक्षा किंवा मुलाखतीची धडधड असेल तर सोबत नेता येईल असं काहीतरी हवं: रुमालाच्या कोपऱ्याला अत्तराचा ठिपका, किंवा चिमटीत दोन वेलदोडे. वेलदोडा सोलायची कृतीच हातांना काम देते.

उदास, रिकाम्या दिवसांसाठी मी ऋतूच्या फुलांवर विश्वास ठेवते, कारण ती मिळवायला घराबाहेर पडावं लागतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वेंगुर्ल्याच्या बाजूला किंवा गोव्यात असाल तर सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, घ्या. त्या वासाची नक्कल करणारं काही मी अजून पाहिलेलं नाही. मोगरा संध्याकाळी उमलतो, म्हणून दुपारच्या घट्ट कळ्या घ्या आणि वाटीभर पाण्यात सोडा, रात्री नऊपर्यंत खोली भरते. प्राजक्त पहाटे गळतो आणि उन्हं वर येईपर्यंत संपतो; त्याच्यासाठी उठावंच लागतं, तोच त्याचा फायदा. सोनचाफा दादरच्या फुलबाजारात वसईहून येतो, एक फूल दोन दिवस पुरतं. बकूळ सुकली तरी वास सोडत नाही, त्यामुळे परदेशी जाणाऱ्या मुलीच्या बॅगेत घालायला याहून चांगलं काही नाही. उदबत्तीचा पुडा घालू नका. वसतिगृहात धुराची घंटा वाजते आणि मग तिला उदबत्तीचा वास आला की अग्निशामक दलच आठवेल.

पावसाच्या पहिल्या सरीचा वास मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिनचा आणि खडकां-मातीत मुरलेल्या वनस्पतींच्या तेलांचा असतो. इसाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याला ‘पेट्रिकोर’ नाव दिलं. आपल्या कनौजच्या अत्तर बनवणाऱ्या गंध्यांनी मात्र तो त्याच्या कितीतरी आधी कुपीत भरला होता: भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगमध्ये पाण्याबरोबर तापवायचे आणि वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायची. मातीचं अत्तर जोडणीसाठी उत्तम, कारण बहुतेकांच्या मनात त्याला आधीच सुटकेचा अर्थ आहे. गावी पूर पाहिलेल्यांना मात्र ते विचारल्याशिवाय देऊ नका.

विकत घेताना

मागे एका प्रदर्शनातून मी ‘शंभर टक्के शुद्ध मोगरा तेल’ दीडशे रुपयांना आणलं आणि दोन दिवस डोकं धरून बसले. नंतर समजलं की मोगऱ्याचा अर्क फुलांतून द्रावकाने काढावा लागतो आणि तो फार महाग असतो. गुलाबाचं एक किलो तेल काढायला साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. एवढं माहीत असलं की दीडशे रुपयांच्या बाटलीत काय असेल ते दुकानदाराला विचारावं लागत नाही. कृत्रिम सुगंध वाईटच असतो असं नाही. जोडणी त्याच्याशीही लागते. पैसे कशाचे देतो ते कळावं इतकंच.

बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि कुठला भाग वापरला ते छापलेलं असावं. बाटली गडद काचेची असावी. सगळ्या फुलांची तेलं एकाच भावाने विकत असतील तर पुढच्या दुकानात जा. पारंपरिक अत्तराचा आधार चंदनाचा; आता पुष्कळ ठिकाणी पातळ पॅराफिन वापरतात, तेही विचारून घ्या. अत्तरं हुंगताना एका बैठकीत तीन-चारच. मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने साध्या हवेपेक्षा जास्त काही होत नाही. स्वतःच्या कोपराच्या खळगीत नाक घालून दोन श्वास घ्या.

अंगाला लावायचं असेल तर तेल कधीही नुसतं लावू नका. ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का, १२ थेंब म्हणजे २ टक्के. रोजच्या वापराला यापुढे जायचं कारण नाही. आधी मनगटाच्या आत एक ठिपका लावून दिवसभर थांबा. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजते.

धुराचं काय करायचं

इथे मी अप्रिय होणार आहे. उदबत्ती, धूप, कापूर यांच्याशी आपल्या किती चांगल्या आठवणी बांधलेल्या आहेत ते मला माहीत आहे. गणपतीत ओल्या दुर्वा, केवडा आणि धूप एकत्र झाले की मलाही भरून येतं. पण धूर तो धूर. वजनाला वजन धरलं तर उदबत्तीतून सिगारेटपेक्षा जास्त सूक्ष्म कण बाहेर पडतात; एका ग्रॅमला सुमारे ४५ मिलिग्रॅम विरुद्ध १० मिलिग्रॅम असा आकडा अभ्यासकांनी दिला आहे. बंद खोलीत, एसी लावून, ध्यानाला बसून खोल श्वास घेत उदबत्ती लावणं म्हणजे उलटाच कारभार. सणाला लावा, खिडकी उघडून लावा. रोजच्या मनःशांतीसाठी दुसरा मार्ग काढा.

मार्ग आहे. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी अनेकींना हवीशी वाटते: शेपा, ओवा, वावडिंग. माझ्या वहिनीच्या वेळी आम्ही बाळंतशेपा आणि ओवा तव्यावर नुसते कोमट केले, सुती कापडात बांधले आणि खोलीच्या दारापाशी टांगले. निखारा नाही, धूर नाही, आणि सासूबाईंना हवा तो वास आला. त्यांनी नाक मुरडलं, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पुरचुंडी गरम करून आणली.

उटण्याचंही तसंच. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद हे मिश्रण दिवाळीच्या चार दिवसांनंतर फेकू नका. पण रोज लावून त्याची दिवाळीही घालवू नका. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा आणि एखाद्या वाईट जानेवारीत एक पहाट त्याने आंघोळ करा.

कुठे थांबायचं

कापूर पोटात गेला तर लहान मुलांना फिट येऊ शकते, अगदी थोड्या प्रमाणातही. निलगिरीच्या तेलाचंही तेच. देवघरातल्या वड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, आणि दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीशी ओवा-कापराची पुरचुंडी बांधायची जुनी पद्धत सोडा. अपस्माराचा त्रास असलेल्यांनी कापूर, निलगिरी, रोझमेरी यांपासून लांब राहावं. दमा आणि अर्धशिशी असेल तर कोणताही तीव्र वास हीच ठिणगी होऊ शकते. गरोदरपणात नाक बदलतं, त्या काळात नवी जोडणी शिकवू नका. मळमळ त्या वासाला चिकटली तर वर्षानुवर्षं सुटत नाही. घरात मांजर असेल तर टी ट्री तेल आणूच नका.

घरात चार माणसं असतील तर चार नाकं आहेत. तुमचा शांतीचा वास सासऱ्यांना इस्पितळाची आठवण देत असू शकतो. म्हणूनच मी खोलीभर दरवळणाऱ्या यंत्रांपेक्षा डबी, रुमाल, पुरचुंडी यांच्या बाजूची आहे.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस गेलेला असेल तर वाळा पुरे पडणार नाही. डॉक्टरांकडे जा. रुमाल सोबत न्या हवा तर.

वासच येत नसेल तर

कोविडनंतर मला सात आठवडे काहीच वास येत नव्हता. लोक म्हणायचे, बरंय, भाजी जळली तरी कळत नाही. पण मला सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं वाटायचं, आपलंच घर परक्याचं. वास गेलेल्यांमध्ये उदासी जास्त आढळते, ही नोंदलेली गोष्ट आहे. तुम्हाला तसं होत असेल तर तुम्ही नाटक करत नाही आहात.

यावर एक साधा व्यायाम आहे. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे चार वास, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. चार छोट्या गडद बाटल्यांत कापूस ठेवून त्यावर एकेका तेलाचे काही थेंब टाका, नाव लिहा. एकेक बाटली नाकाशी धरून दहा सेकंद लहान-लहान श्वासांनी हुंगा, मधे थोडं थांबा. हुंगताना तो वास पूर्वी कसा होता ते मुद्दाम आठवा. लवंग हुंगताना मी आईचा मसालेभात आठवायचे. नाकातल्या वासपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून हे शक्य होतं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही आणि वेळ लागतो. मधल्या काळात कॉफीला रॉकेलचा वास, कांद्याला कुजका वास असं काही झालं तर घाबरू नका, परतीच्या वाटेवर ते अनेकांना होतं. मला लवंग पाचव्या आठवड्यात आली, गुलाब सगळ्यात शेवटी.

वास नाही तोवर घरात गॅसगळतीचा अलार्म लावून घ्या. गॅसला तो उग्र दर्प मुद्दाम मिसळलेला असतो, पण नाक बंद असेल तर उपयोग शून्य. वास गेल्याला सर्दी-कोविडसारखं कारण नसेल, विशेषतः साठीनंतर, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पार्किन्सनसारख्या आजारात वास जाणं हे फार लवकरचं लक्षण असू शकतं.

गेलेल्या माणसाचा वास

हे शेवटी ठेवलं, कारण याला वेळ मर्यादित असतो आणि आपण नेमके त्या दिवसांत भानावर नसतो. घरातलं माणूस गेलं की तेरा दिवसांत कपडे धुऊन, वाटून टाकले जातात. एक कपडा बाजूला काढा. न धुतलेला, रोजचा, अंगावरून उतरवलेला. पूर्ण कोरडा आहे ना ते पाहा, नाहीतर बुरशी धरते. काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत घाला, बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवा. डांबरगोळी घालू नका. मी नानांच्या मफलरजवळ घातली होती, सहा महिन्यांनी उघडलं तर डांबरगोळीच उरली होती.

उघडायचे दिवस ठरवून घ्या, वर्षातून दोन किंवा तीन. दर वेळी थोडा वास हवेत जातो, तो परत येत नाही. एकट्याने उघडू नका, निदान पहिल्यांदा. रडू आलं तर येऊ द्या. बरणी बंद करून मग चहा करा, उलट नको.

मफलरचा वास आता गेला आहे. पण नानांचा एक भाग तंबाखूचा होता, एक घामाचा, आणि एक बामचा. शेवटचा भाग अजूनही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात छोट्या डबीत मिळतो. मी तो मे महिन्यात दुपारीच उघडते.